शंभर ग्रॅममागे

व्हिडिओतली बाई मक्याच्या पोह्यांचा खोका उलटा करते
आणि म्हणते, समोरच्या चित्रावर जाऊ नका, पाठ वाचा.
तिच्यामागं पांढरंशुभ्र स्वयंपाकघर,
ओट्यावर एक लिंबूसुद्धा नाही.

तांडापेठेत, आठवी ब मध्ये,
एकोणचाळीस मुलं माझ्या फोनवर वाकलीत.
फोन डस्टरला टेकवून उभा केलाय,
कारण प्रोजेक्टर दिवाळीपासून कपाटात
आणि कपाटाची किल्ली बदली झालेल्या बाबूकडे, उमरेडला.

नेट अडकतं.
बाईचं तोंड साखरेवर उघडं राहतं.
मागून निनावेचा पोरगा:
"सर, माशी जाईन ना तिच्या तोंडात."
वर्ग हसतो. मीही.

काल सांगितलं होतं, रिकामी पाकिटं आणा.
आणलीत. बाकांवर पाच-पाच रुपयांचा ढीग,
आतून चांदी, बोटाला तेल.
आचल मेश्रामनं तर पिशवी भरून:
"शाळेच्या फाटकापासूनच झाडत आली सर,
अर्धे आपल्याच वर्गाचे आहेत."

बाई पुन्हा बोलू लागते: एका वेळचं खाणं तीस ग्रॅम.
पाकीट म्हणतं: निव्वळ वजन चौदा.
मी फळ्यावर त्रैराशिक मांडतो,
शंभर ग्रॅममागे सोडियम इतकं, तर चौदामागे किती,
आणि मधल्या सुट्टीत तीन पाकिटं खाल्ली तर?
"तिसरं उधार असलं तर मोजाचं का सर?"
हर्षल हेडाऊ गंभीरपणे विचारतो.
"सोडियम म्हणजे मीठच ना?"
मी हो म्हणतो. मग, नाही.
मग खडू खाली ठेवून
पहिल्यापासून सांगतो.

अक्षरं मुंगीच्या पायाएवढी.
मला चष्मा लागून दोन वर्षं झाली
आणि तरी मी पाकीट लांब धरतो, जवळ धरतो,
पोरं बघताहेत हे विसरून.

तेव्हा उन्नती पराते कंपासपेटीतून काढते
एक घडीचं पितळी भिंग.
आजोबांचं. लुगड्याचे धागे मोजायचं,
इंचभर चौकोनात उभे किती, आडवे किती.
इतवारीतला व्यापारी असंच भिंग ठेवायचा कापडावर
आणि चार धागे कमी निघाले की भाव पाडायचा.
माग भंगारात गेला. भिंग कोणी घेतलं नाही.

ती ते चौकोन पाकिटावर ठेवते, एक डोळा मिटते,
आणि आजोबांनी शिकवलं असणार तसं
नखानं ओळ धरून सरकत जाते:
"मक्याचं पीठ. पामतेल. साखर...
सर, तिखट पाकिटात साखर काऊन?
आम्लता नियामक, तीनशे तीस. रंग, एकशे साठ सी.
यायले नावं नाही का, नुसते रोल नंबरच?"
मला दोघांची नावं येतात.
बाकीच्यांसाठी दुसरा एक व्हिडिओ आहे, म्हणतो,
आणि माझंच मला कसंतरी वाटतं.
(काल रात्री मी घरी बिस्किटाचा पुडा उलटा केला होता.
दोन ओळी वाचल्या. सरळ करून ठेवला.
चहा निवत होता.)

तक्ता संपला तरी उन्नती थांबत नाही.
भिंग खाली, अजून खाली,
जिथं ती पांढरी बाई पोचलीच नव्हती.
"बनवण्याचं ठिकाण: एमआयडीसी, हिंगणा.
सर, इथं माझा दादा आहे. पॅकिंगले.
सकाळी येते तर त्याच्या शर्टाले मांजर चाटते."

कोणीतरी हसतं, पण थोडंच.
फोनची स्क्रीन मावळली आहे.
मी ती पुन्हा लावायला हात पुढं करतो
आणि तसाच ठेवतो.

पाकिटाच्या शिवणीवर, तेलात पुसट झालेली,
ठशाची तारीख.
ती पाकीट खिडकीकडं नेते. उन्हात धरते.
"सतरा," म्हणते. बोटांवर काहीतरी मोजते.
"सतराले दादाची रात्रपाळीच होती."